चपटी बाजू

हॉकीचे नियम मला पाठ होते, पण हॉकी मला कधी धड खेळता आली नाही. लहानपणापासून दमा. पन्नास पावलं पळलो की छाती भरून यायची. मॅट्रिक होऊन नोकरी शोधत होतो तेव्हा आम्ही कल्याणला राहायचो. रेल्वे कॉलनीच्या मैदानावर ड्रायव्हर, गार्ड, फिटर अशी माणसं रोज संध्याकाळी हॉकी खेळायची. स्वातंत्र्य मिळून वर्षभर झालं होतं आणि त्यांच्यातले बरेच अँग्लो-इंडियन लोक एकेक करून विलायतेला निघून चालले होते, त्यामुळे माणसं कमी पडायची. एक निवृत्त गार्ड तिथे अंपायर असत. दोन अंपायर लागतात, दोघांनी अर्धं अर्धं मैदान सांभाळायचं. त्यांना दुसरा मिळेना, म्हणून मला उभं केलं. अंपायरला फार पळावं लागत नाही. मी शिट्टी वाजवली की ते लांबून ओरडून विचारत, "क्यूं बजाया? बोलो!" कारण सांगता आलं नाही तर सगळ्यांसमोर खेळ थांबवून ते मला समजावून सांगत. तेही वर्षभरात गेले. जाताना नियमांची छापील पुस्तिका मला देऊन गेले. ती इंग्रजीत होती. मी डिक्शनरी घेऊन बसलो आणि शब्द न् शब्द पाठ केला.

त्या पाठांतरामुळेच मला नोकरी लागली म्हटलं तरी चालेल. ठाण्याला कोलशेतच्या बाजूला खाडीलगत रंगांचा एक कारखाना निघाला होता. मुलाखतीला लेबर ऑफिसर होते. गोरे, उंच, पूर्वी कॉलेजच्या टीममधून हॉकी खेळलेले. माझ्या अर्जात "हॉकीचा अंपायर" असं लिहिलेलं बघून त्यांनी बाकी काही न विचारता ऑफसाइडचा नियम विचारला. मी तो खडाखडा म्हणून दाखवला. दुसऱ्या आठवड्यात मी टाइम ऑफिसमध्ये कारकून म्हणून लागलो. एक वर्ष प्रोबेशन, मग काम बघून कायम.

तोवर आम्ही डोंबिवलीला दोन खोल्यांत राहायला आलो होतो. ठाण्याला उतरून मी सायकलने कोलशेतला जायचो. वडील पेन्शनीत निघाले होते, दोन बहिणी लग्नाच्या होत्या. यात काही विशेष नाही, तेव्हा घरोघरी तेच होतं. पण मी पुढे जे केलं त्याचं कारण म्हणून हेच मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आलो, म्हणून इथे लिहिलं.

तो मला भेटला कारखान्याच्या फाटकावर. बदली कामगार होता. सकाळी येऊन रांगेत उभं राहायचं, कुणी कायम माणूस गैरहजर असेल तर त्याच्या जागी आत घ्यायचं, नाहीतर परत. त्याचा हजेरीचा कागद माझ्या हातात असे. शेजारच्याच आगरी गावातला. बापजाद्यांचं काम मिठागरात. तिथल्या उन्हाने आणि खाऱ्या पाण्याने बापाच्या पायांची पार चाळण झालेली त्याने बघितली होती, म्हणून मिठागर सोडून तो कारखान्यात आला होता. माझ्याहून वर्षभराने मोठा असेल. नुकतंच लग्न झालेलं.

त्या वर्षी मोठ्या साहेबांच्या डोक्यात आलं की कारखान्याची हॉकीची टीम पाहिजे, ठाण्यातल्या स्पर्धेत उतरवायला. लेबर ऑफिसरकडे ते काम आलं. नोटीस लागली: मार्चमध्ये ऑफिस विरुद्ध प्लांट असा सामना होईल, त्यातून अकरा जण निवडले जातील. आणि स्पर्धेत फक्त कायम कामगारच खेळवता येत असल्यामुळे निवडलेल्या बदली कामगारांना कायम करण्यात येईल. ती नोटीस मीच टाइप केली होती.

दुपारच्या सुट्टीत तो माझ्या खिडकीशी आला. "तुना येतंय म्हनं हॉकी?"

"खेळता येत नाही. नियम येतात."

"मंग नियमच शिकव. खेलाचा मी बघतो."

कारखाना साडेचारला सुटायचा. गावाच्या अलीकडे मिठागराच्या बांधापलीकडे एक कडक वाळलेली सपाट जागा होती. तिथे आम्ही दिवाळीपासून रोज तासभर जायला लागलो. स्टिक कारखान्याच्या होत्या, बॉल एकच होता आणि तो खाडीत जाऊ नये म्हणून अर्धा वेळ आमची धावपळ.

मी त्याला पहिल्यापासून सुरुवात केली. एका बाजूला अकरा माणसं, गोलकीपर धरून. पस्तीस मिनिटं खेळ, मग थोडी विश्रांती, मग बाजू बदलून पुन्हा पस्तीस. एकदा उतरलेला माणूस जखमी झाला तरी त्याच्या जागी दुसरा येत नाही. खेळ सुरू होतो बुलीने: बॉल मधोमध, दोन्हीकडचा एकेक माणूस समोरासमोर, स्टिक आधी जमिनीला आणि मग समोरच्याच्या स्टिकला, असं तीनदा, मग बॉल ज्याला मिळेल त्याचा.

तो हसायला लागला. "तीनदा कशाला? डायरेक का नाय मारायचा?"

"नियम आहे."

"लग्नातला अंतरपाट हाय तुझा नियम."

बॉलला पाय लावायचा नाही, हे त्याला सर्वांत जड गेलं. पाय आपोआप पुढे यायचा. हाताने बॉल नुसता अडवला तर चालतो, पायाने नाही. पाय फक्त गोलकीपरचा. मी शिट्टी मारली की तो स्वतःच बॉल उचलून माझ्या हातात आणून द्यायचा, चूक कबूल केल्यासारखा. मारताना स्टिक खांद्याच्या वर जाता कामा नये. बॉल बाजूच्या रेषेबाहेर गेला तर ज्यांनी घालवला त्यांच्या विरुद्ध बाजूने तो हाताने घरंगळत आत सोडायचा. गोलसमोर अर्धगोल असतो, त्याला डी म्हणतात. डीच्या बाहेरून कितीही जोरात मारून गोलात घातला तरी तो गोल नाही. डी मी टाचेने जमिनीवर काढून दाखवला. ऑफसाइड समजावायला तिथल्याच मिठाच्या राशी उपयोगी पडल्या. "तुला पुढे बॉल मिळायच्या वेळी गोल आणि तू यांच्या मधे त्यांची निदान तीन माणसं पाहिजेत. या तीन राशी म्हणजे ती माणसं. तू यांच्या पुढे जाऊन आधीच उभा राहिलास तर ऑफसाइड."

"म्हंजे चोरासारखं आधी जाऊन बसायचा नाय."

"बरोबर."

पुस्तिकेतली अर्ध्या पानाची गोष्ट त्याने एका वाक्यात सांगितली.

खरी अडचण वेगळीच निघाली. तो डावखुरा होता. हॉकीची स्टिक एका बाजूने चपटी असते आणि दुसऱ्या बाजूने, म्हणजे पाठीकडून, गोल. बॉल फक्त चपट्या बाजूनेच मारायचा. आणि सगळ्या स्टिक उजव्या हाताच्याच असतात.

"डाव्या हाताची मिलत नाय?"

"नसतेच. नियमात बसत नाही."

"मना देवानी डावा हात दिला तो बसतो का नियमात?"

मी रात्री पुस्तिका पुन्हा वाचली. दुसऱ्या दिवशी त्याला सांगितलं, स्टिक उलटी फिरवायची. वाकडं टोक खाली जमिनीकडे करायचं, की चपटी बाजू दुसऱ्या अंगाला येते. त्या बाजूने मारलं तर नियमात बसतं. नियम एवढाच आहे की पाठ लागता कामा नये. स्टिक कशीही धर, चपटी लागली की झालं.

उलट्या स्टिकने बॉल अडवणं, थोडासा सरकवणं हे कल्याणला मी पाहिलं होतं. जोरात मारणारा कोणी पाहिला नव्हता, कारण उजव्या माणसाच्या त्या हातात जोरच नसतो. याच्या होता. जानेवारीपर्यंत तो डावीकडून पळत यायचा, मनगटाने स्टिक फिरवायचा आणि बॉल असा हाणायचा की पलीकडच्या बांधावर आपटून परत यायचा. चपटी लागली की टक्क असा आखूड, कोरडा आवाज येतो. पाठ लागली तर आवाज बोथट येतो आणि बॉल तिरका उडतो. तीन महिने रोज ऐकून डोळे मिटूनही मला कळायचं कोणती बाजू लागली ते.

काही संध्याकाळी अंधार पडायच्या आधी तो मला घरी न्यायचा. त्याची आई तांदळाची भाकरी आणि सुकट वाढायची. आमच्या घरात मासळीचं नावही काढत नसत. मी खायचो आणि डोंबिवलीला उतरल्यावर पान खाऊन घरी जायचो. तो मला अरे-तुरे करायचा, मीही त्याला. कारखान्यात इतर कारकून कामगारांना अरे-तुरे करत ते वेगळं. आमचं दोन्हीकडून होतं.

सामन्याला कारखान्यामागचं मैदान चुन्याने आखलं. मोठे साहेब बायकोसह खुर्चीवर. दोन अंपायर: एक सिक्युरिटीचे जमादार, पूर्वी पलटणीत होते, आणि दुसरा मी. ऑफिसच्या टीमचे कॅप्टन लेबर ऑफिसर. वय झालं म्हणून ते गोलकीपर म्हणून उभे राहिले होते. माझं प्रोबेशन संपायला तेरा दिवस उरले होते.

दुसऱ्या डावात बाजू बदलल्या आणि ऑफिसचा गोलपोस्ट माझ्या अर्ध्यात आला. तोवर कोणाचाच गोल झाला नव्हता. प्लांटची पोरं दांडगी होती, पण सारखे फाउल करत होती. पाय लागला, स्टिक खांद्यावर गेली. त्याचा मात्र एकही फाउल नव्हता. संपायला दहा मिनिटं असतील. तो डावीकडून बॉल घेऊन निघाला. एकाला चुकवलं, दुसऱ्याला चुकवलं, डीत शिरला. मी सात-आठ पावलांवर होतो. त्याने स्टिक फिरवली आणि टक्क असा आवाज झाला. लेबर ऑफिसर हलायच्या आत बॉल त्यांच्या उजवीकडून आत जाऊन फळीवर आपटला.

कोणाला काय झालं ते कळलंच नव्हतं. असा फटका कोणी पाहिला नव्हता. मग लेबर ऑफिसरांनी हात वर केला. "पाठ! पाठीने मारला. अंपायर!"

आणि ते माझ्याकडे बघायला लागले. धमकी वगैरे काही नव्हती त्या बघण्यात. फक्त वाट पाहत होते.

गोल द्यायचा तर शिट्टी वाजवून मैदानाच्या मध्याकडे हात करायचा. मी शिट्टी वाजवली आणि हात उलट बाजूला केला. फाउल.

तो धावत नाही आला. चालत आला, माझ्यासमोर उभा राहिला. दम लागलेला होता. हळू आवाजात म्हणाला, "चपटी होती. तू ऐकलास ना?"

मी म्हणालो, "खेळ सुरू करा."

"अरे, तूच शिकवलास ना मना? कशीही धर, चपटी लागली की झाला. तूच बोल्लास."

मागून लेबर ऑफिसर म्हणाले, "अंपायरशी हुज्जत घालतोय तो. नियम काय आहे?"

नियम असा आहे की अंपायरशी गैरवर्तन करणाऱ्या खेळाडूला अंपायर बाहेर काढू शकतो. हेही मला पाठ होतं. मी त्याच्याकडे न बघता, त्याच्या खांद्यावरून पलीकडे बघत म्हणालो, "तुम्ही बाहेर जा."

तो गेला. स्टिक रेषेपाशी नीट आडवी ठेवली आणि गेला. दहा जणांनी उरलेला वेळ काढला आणि शेवटच्या मिनिटांत ऑफिसने एक गोल घातला. मोठ्या साहेबांच्या बायकोने कप दिला. जमादारांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "कडक! अंपायर असा पाहिजे." त्यांना खरंच तसं वाटत होतं.

चौथ्या दिवशी अकरा जणांची यादी माझ्या टेबलावर आली. मी ती टाइप केली. प्लांटचे तीन बदली कामगार त्यात होते, तिघंही त्याच्यापेक्षा उणे. यादीसोबत लेबर ऑफिसरांची चिठ्ठी होती, त्यात त्याच्याबद्दल एक ओळ होती: खेळ चांगला, पण नियमांचे ज्ञान नाही आणि शिस्त नाही.

तो फाटकावर यायचा बंद झाला. पहिला रविवार मी घरीच काढला. दुसऱ्या रविवारी गावात गेलो. तो मिठागरात होता. परत तिथेच लागला होता. ऐन हंगाम, माणसं हवीच होती. गुडघ्यापर्यंत पाण्यात उभा राहून लांब दांड्याच्या फळीने मीठ ओढत होता. मला बघून थांबला नाही. मी बांधावर उभा राहिलो. बऱ्याच वेळाने बांधाजवळ आला तेव्हा मी म्हणालो, "माझं प्रोबेशन होतं रे."

"मना म्हाईत हाय."

"तुझ्या जागी मी असतो तर..."

"माझ्या जागी नको येऊ." तो फळी टेकून उभा राहिला. "गोल नाय दिलास, त्याचा मना काय वाटला नाय. खरा सांगतो. पोट सगल्यांनाच हाय. मीबी उद्या साहेबाच्या समोर काय करीन, काय सांगता येतं? पन तू मना 'तुम्ही' बोल्लास. माझ्याकडं बघितलास पन नाय. माझी आई तुना भाकर वाढायची, आन् तू मना 'तुम्ही बाहेर जा' बोल्लास."

'तुम्ही' हा शब्द माझ्या तोंडून कसा गेला ते मला तिथे उभं असताना आठवलं. अरे-तुरे करून मी त्याला बाहेर काढू शकलोच नसतो. आधी त्याला परका करावं लागलं.

मग तो म्हणाला, "अजून काय बिघडला नाय. साहेबाला जाऊन सांग. गोल नको मना. फक्त सांग, याला नियम येतात. एवढा सांगशील?"

"सांगतो," मी म्हणालो. "उद्याच सांगतो."

दुसऱ्या दिवशी मी लेबर ऑफिसरांच्या केबिनमध्ये गेलो. म्हणजे खरंच गेलो. रात्रभर वाक्यं जुळवली होती. ते काहीतरी वाचत होते. "बोला."

"सर, त्या सामन्यातल्या गोलबद्दल..."

"त्याचं काय?" त्यांनी मान वर केली. "अंपायरचा निर्णय शेवटचा. पुस्तिकेत आहे ना तसं? तुम्हीच मला सांगितलं होतं." मग ड्रॉवरमधून एक लिफाफा काढला. "बरं झालं आलात. तुमचं पत्र आलंय. आजपासून कायम. अभिनंदन."

मी लिफाफा घेतला.

"अजून काही?"

"नाही सर. थँक यू सर."

केबिनमधून माझ्या टेबलापर्यंत बावीस-पंचवीस पावलं असतील. प्रत्येक पावलाला परत फिरता आलं असतं. त्या दिवशी संध्याकाळी वडिलांनी चाळीत पेढे वाटले. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "मुलगा सरळमार्गी म्हणूनच वर्षभरात चिकटला." मी गावात परत गेलो नाही. साहेब काय म्हणाले ते सांगायला कोणत्या तोंडाने जाणार, असं तेव्हा मी स्वतःशी म्हणायचो. साहेब काहीच म्हणाले नव्हते, कारण मी काही विचारलंच नव्हतं.

मी अंपायर म्हणून राहिलो. ठाण्यात, कल्याणला, कुठे सामना असला की मला बोलवायचे. मी कुणाचं ऐकत नाही, असा माझा लौकिक झाला. कारखान्यात दर वर्षी नव्या खेळाडूंना नियम सांगायचं काम लेबर ऑफिसरांनी माझ्यावरच टाकलं. दुसऱ्या वर्षी ते स्वतः त्या वर्गाला येऊन मागे बसले होते. नव्यांपैकी एकाने विचारलं, "सर, स्टिक उलटी करून मारली तर फाउल ना?"

मी म्हणालो, "नाही. चपटी बाजू लागली तर फाउल नाही. पाठ लागली तरच."

लेबर ऑफिसरांनी मान डोलावली. "करेक्ट," ते म्हणाले, आणि सिगारेट पेटवली. त्यांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्यांना आठवत नसेल, किंवा पहिल्यापासून नियम माहीत असेल आणि त्या दिवशी हात वर करून बघितला असेल, अंपायर काय करतो ते. मी अजून ठरवू शकलेलो नाही. दोन्हीत माझ्या वाट्याला येतं ते सारखंच.

त्याची बातमी मला कधीतरी कानावर यायची, गावातला दुसरा एक कामगार सांगायचा. आई गेली. खाडीचं पाणी बांध फोडून एका वर्षी आत शिरलं, हंगाम बुडाला. मग सासऱ्याला मुलगा नव्हता म्हणून तो बायको-मुलांना घेऊन खडवलीला गेला, तिकडे भातशेती बघतो. ते ऐकलं तेव्हा मी सेक्शनचा हेडक्लार्क झालो होतो.

खडवली काही लांब नाही. कल्याणहून कसाऱ्याच्या गाडीत बसलं की चौथं-पाचवं स्टेशन. एका रविवारी मी कल्याणपर्यंत गेलो, तिकीटही काढलं. गाडी आली. गाडीत जागा होती. मी प्लॅटफॉर्मवर उभा राहिलो, गाडी निघून गेली, आणि मी बहिणीच्या घरी जेवायला गेलो.